गाडीचा कंपनी फिटेड सबवूफर फाटलाय: घरी करू, रिकोनिंगला देऊ की नवा बसवू?

मागच्या श्रावणात गाडीत ढोलताशाचं रेकॉर्डिंग लावलं होतं, आणि ढोलावर ठोका पडला की मागून धम् च्या जागी फर्रर्र, फर्रर्र, कुणीतरी जुनी चादर टराटरा फाडतंय असा आवाज. बास कमी केला की गप्प, वाढवला की परत सुरू. गाडी सेकंडहँड, १२ वर्षं जुनी सेडान, मागच्या काचेखालच्या ट्रेमध्ये ८ इंची सबवूफर (म्हणजे बासचा स्पीकर), कंपनीतूनच आलेला. सर्व्हिस सेंटरला दाखवला तर म्हणाले अख्खं युनिट बदलावं लागेल, आणि आकडा असा सांगितला की त्यात घरी फ्रिज आला असता. मग मी तो स्वतःच उघडला. त्याच सुमारास मेहुण्याच्या गाडीचा सब गेला, त्याने रिकोनिंगवाल्याकडे, म्हणजे स्पीकरचे आतले भाग बदलून देणाऱ्या कारागिराकडे दिला, आणि ऑफिसातल्या एका मित्राने कंपनीचा सब बंद करून सीटखाली नवा बसवला. त्यामुळे तिन्ही रस्ते जवळून बघून झालेत, आणि माझं मत सरळ आहे, फोम म्हणजे स्पीकरच्या पडद्याची मऊ कड फाटली असेल तर घरी करा, कॉइल म्हणजे पडद्यामागचं तारेचं वेटोळं जळलं असेल तर घरी हात लावू नका, आणि अँप्लिफायर गेला असेल तर सबला दोष देऊन उपयोग नाही.

पण म्हणजे नक्की काय गेलंय हे आधी कळायला पाहिजे, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. बऱ्याचदा सब ठणठणीत असतो आणि खडखड करत असते नंबर प्लेट, डिकीतला जॅक, ट्रेची सैल झालेली क्लिप नाहीतर स्टेपनीवरचं झाकण. कुणालातरी गाणं लावून पुढे बसवा आणि स्वतः डिकीत डोकं घालून एकेक भाग हाताने दाबून बघा, दाबल्यावर आवाज थांबला तर तिथे फोमची पट्टी चिकटवा, विषय संपला. नसेल थांबत तर जाळी काढून टॉर्च मारा. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेला जी मऊ वळी असते ती जर चुरा होऊन पडत असेल, बोट लावलं की काळी पूड येत असेल, तर तो फोम कुजलाय. जुन्या पॉलीयुरेथेन फोमचं हे होतंच, हवेतला ओलावा त्याला आतून खातो आणि काचेखालचं ऊन राहिलेलं काम करतं. माझी गाडी आधी मुंबईत होती, खारी दमट हवा आणि उघड्यावर पार्किंग, म्हणजे दोन्ही औषधं मिळालेली. ज्यांच्या सबला रबराची कड आहे त्यांना ही भानगड सहसा येत नाही.

फोम शाबूत असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनवर गोल समान ठेवून हळूच आत दाबा. मऊ गेला तर ठीक, आतून खर्र घासल्यासारखं लागलं तर कॉइल सरकलीये किंवा जळून फुगलीये. जळल्याचा वासही येतो, एकदा घेतला की विसरत नाही. मग कनेक्टर काढून मल्टीमीटर लावा. ४ ओहमचा सब मीटरवर साधारण ३ ते साडेतीन दाखवतो, ते बरोबर आहे. पण कंपनीचे सब बरेचदा २ ओहमचे किंवा त्याहून कमी असतात, तेव्हा दीड दिसलं म्हणून शॉर्ट झाला असं समजू नका, आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून किती येतं ते बघा आणि तेवढं वजा करा. काहीच आलं नाही तर कॉइल तुटलीये किंवा, आणि ही स्वस्तातली सुटका असते, टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी ती विणलेली लवचिक वायर तुटलीये, ती सोल्डर मारून जुळते. मीटर नसेल तर रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन टुणकन हलला तर कॉइल जिवंत आहे. आणि सब सगळ्या परीक्षा पास झाला तरी गाडीत मुका असेल तर फ्यूज बघा, आणि अँप डिकीत असेल तर पाणी बघा. टेललॅम्पच्या गॅस्केटमधून पावसाचं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि बाजूला लावलेला अँप गंजतो, ते काम वेगळ्या कारागिराचं आहे.

आता घरी करणं. खर्च म्हणाल तर फोमची रिंग, गोंद, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ब्लेड सगळं मिळून मला साडेचारशेच्या आत पडलं, वेळ मात्र दोन रविवार गेले. त्यातला निम्मा वेळ सबपर्यंत पोचण्यातच जातो हे कुणी सांगत नाही. माझ्या गाडीत मागची सीट, मग बाजूच्या पिलरचं प्लॅस्टिक, मग ट्रे, मग सब. या पिलरच्या आत बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असते, आणि ज्या गाड्यांत सब पुढच्या सीटखाली असतो (बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तसा आहे) तिथे सीटखाली एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असतो, म्हणून १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, थोडा वेळ चहा प्या, मग हात घाला. इग्निशन चालू ठेवून पिवळा कनेक्टर उपटलात तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनरवाला शोधावा लागतो. बॅटरी काढली की काही गाड्यांत स्टीरिओ कोड मागतो, तो आधीच शोधून ठेवा. प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत पटापट तुटतात, गाडी अर्धा तास उन्हात लावून मग उघडा, तरी दोनचार तुटतातच, माझ्या तीन गेल्या.

रिंग घेताना ८ इंची द्या असं सांगून भागत नाही. कोनचा व्यास, वळीची रुंदी, बाहेरची कड, आतलं भोक, चारही मापं घ्या आणि वळी वर फुगलेली आहे की खाली, जुनी रिंग कोनच्या वरून चिकटवलीये की खालून, हे फोटो काढून ठेवा. पुण्यात मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हिंडलो, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच, ऑनलाइनही मिळते. कंपनीच्या सबचं माप बऱ्याचदा विचित्र असतं, लंबगोल असेल तर रिंग मिळणंच अवघड आणि मग घरच्या कामाचा नाद सोडलेला बरा.

गोंदाचं थोडं जास्त सांगतो कारण चूक इथेच होते. फेविक्विक अजिबात नको, ते कडक होतं आणि वळी हललीच नाही तर बास कुठून येणार. कोन कागदाचा असेल तर साधा पांढरा फेविकॉल छान चालतो, वाळल्यावर थोडा लवचिक राहतो आणि चुकलं तर ओला असताना सरकवता येतं. कोन प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचा असेल तर पांढरा फेविकॉल त्याला धरतच नाही, वाळून पापडीसारखा सुटतो, तिथे स्पीकरसाठीचा रबरी गोंद लागतो. जुना गोंद काढायला आयपीए आणि सबुरी, थिनर नाही, आणि कागदी कोन भिजवायचा नाही.

मग सगळ्यात नाजूक भाग, कॉइल मधोमध बसवणं. कॉइल आणि आतल्या लोखंडाच्या खांबात केसाएवढीच फट असते, नवी रिंग जरा तिरकी चिकटली की कॉइल घासायला लागते आणि केलेलं सगळं पाण्यात. मी मधली टोपी ब्लेडने अलगद कापून काढली, आईच्या जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून त्या फटीत चारी बाजूंनी खोचल्या, आधी रिंग कोनला चिकटवून वाळू दिली, दुसऱ्या दिवशी बाहेरची कड फ्रेमला चिकटवून कपड्यांचे चिमटे लावले आणि २४ तास कुणालाही हात लावू दिला नाही. नंतर पट्ट्या काढल्या, चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीतला कचरा काढला, टोपी परत चिकटवली. टोपी न काढता, अँपवरून ३० हर्ट्झचा टोन हळू वाजवत, आवाज स्वच्छ येईल तिथे कड चिकटवायची अशीही पद्धत आहे, सोपी वाटते, पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी पट्ट्याच सांगेन.

आणि एक, मागच्या मॅग्नेटचा विसर पडू देऊ नका. शेवटचा स्क्रू आवळताना माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर असा काही खेचला गेला की कोनला सरळ भोक. कॉफी फिल्टरचा तुकडा आणि फेविकॉल लावून बुजवलं, आवाजात फरक नाही, पण जाळी काढली की तो डाग माझ्याकडे बघतो.

रिकोनिंगवाल्याकडे देण्याचा मुख्य फायदा हाच की कॉइल, स्पायडर (कोनला मागून मधोमध धरणारी चकती), कोन काहीही गेलेलं असलं तरी तो माणूस रोज तेच करतो. मेहुण्याचा सब जळलेला होता, १४०० रुपयांत वाजता होऊन आला. पण आपल्याकडचा रिकोनिंगवाला मुख्यतः डीजेच्या १५ नि १८ इंची वूफरवर जगतो, गाडीचा छोटा सब त्याच्यासाठी किरकोळ काम, हाताशी जी तयार कॉइल असेल ती बसवून मोकळा होतो. मेहुण्याचं तेच झालं. मूळ कॉइल २ ओहमची, बसवली ४ ओहमची, सब वाजतो पण जोर कमी, कारण ओहम दुप्पट झाले की त्याच अँपमधून पॉवर साधारण निम्मी निघते, आवाज ३ डेसिबलने खाली. उलटं झालं असतं, म्हणजे ४ च्या जागी २ ची बसवली असती, तर अँप तापून प्रोटेक्टमध्ये गेला असता, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला असता, ते जास्त वाईट. म्हणून देण्याआधी स्वतः मीटर लावा, जळून तुटला असेल तर मॅग्नेटवरचा स्टिकर वाचा, आकडा चिठ्ठीवर लिहून स्पीकरला चिकटवून द्या आणि घेताना परत मीटर लावूनच पैसे द्या. नुसता फोम बदलायचा असला तरी तो करून देतो, ज्यांना ब्लेड-गोंदाचा कंटाळा आहे त्यांनी सब स्वतः काढून नुसता स्पीकर नेऊन द्यावा, म्हणजे गाडी उघडायची मजुरी वाचते. फक्त गणपतीच्या आधीचा महिना टाळा. सगळ्या मंडळांचे वूफर तिथे रांगेत पडलेले असतात आणि तुमचा सब अनंत चतुर्दशीनंतरच हातात येतो, मध्ये कितीही फोन करा.

कंपनीचा नवा पार्ट, याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचारच करू नका, स्वतः उघडूही नका, क्लेम करा. वॉरंटी संपली असेल तर भाव ऐकून घ्या आणि मग ठरवा. मधला रस्ता जुन्या स्पेअर पार्टचा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी तोडलेल्या गाड्यांचा सब मिळू शकतो, पण तुमचा फोम वयाने कुजला असेल तर त्याच वर्षाच्या दुसऱ्या गाडीचा फोम काय तरुण असणार आहे? तिथून आणून पुन्हा रिंगच बदलायची तर स्वतःचाच बदला. सीलबंद डबा असेल, ज्याचा स्पीकर स्क्रूने नाही तर चिकटवून बसवलेला असतो, किंवा फ्रेमच तुटली असेल, तिथे मात्र हा पर्याय कामाचा.

राहिला नवा, बाहेरचा सब. मित्राने सीटखालचा पातळ, आत स्वतःचा अँप असलेला घेतला, पायोनियर, जेबीएल वगैरे सगळ्यांचे मिळतात. खरं सांगायचं तर आवाज माझ्या दुरुस्त केलेल्या सबपेक्षा दमदार आहे, आणि सीटखाली असल्यामुळे पाठीला जाणवतो. पण पैसे माझ्या वीसपट गेले, बॅटरीपासून फ्यूज टाकून जाड वायर आत ओढावी लागली, आणि सिग्नल कुठून घ्यायचा यावर वायरवाल्याने अर्धा दिवस घालवला कारण कंपनीचा अँप बासचा भाग आधीच गाळून वेगळा करतो. नुसता बाजारातला ८ इंची स्पीकर आणून कंपनीच्या जागी ठोकायचा विचार असेल तर ओहम, खोली आणि स्क्रूची भोकं तिन्ही जुळायला हवीत, आणि जुळली तरी कंपनीच्या अँपचं ट्यूनिंग त्या जुन्या स्पीकरसाठी केलेलं असतं, नवा त्यावर कधी पोकळ वाजतो कधी घुमतो. नवी गाडी असेल तर वायर कापण्याआधी वॉरंटीचे कागद वाचा, वायर न कापता कपलर (जोडणारा प्लग) लावून काम करणारा माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

ज्यांना मुळातच बास कमी वाटत होता त्यांनी नवाच घ्यावा, दुरुस्तीने सब पहिल्यासारखा होतो, पहिल्यापेक्षा भारी होत नाही. ज्यांना वर्षभरात गाडी विकायचीये त्यांनी घरी रिंग बदलावी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, पार्किंगमध्ये सीट काढून ठेवायला जागा नसेल, तर रिकोनिंगवाला.

घरी करणार असाल तर रिंग एकाऐवजी दोन मागवा. माझी पहिली उलटी चिकटली होती, वळी खाली फुगलेली, आणि ते लक्षात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे चिमटे काढल्यावर.