चष्म्यात केदारनाथ, पावतीवर काहीच नाही

डोळ्यांना लावला की आपण त्या जागीच उभे आहोत असं दाखवणारा व्हीआर चष्मा घेऊन चारधामचं गिऱ्हाईक गाठणारी माणसं आता आमच्या दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांतही फिरू लागली आहेत. आमच्या गावात ती भागवत सप्ताहात आली. कापसाचे चुकारे नुकतेच हाती पडलेले, मंडपात म्हातारी मंडळी बसलेली. वेळ बरोबर साधली म्हणायची.

टेबलावर प्लास्टिकचा चष्मा, त्यात मोबाइल अडकवलेला. आईनं पदर सावरून तो लावला आणि घंटा वाजवायला हवेत हात वर केला. "माय वं, देऊळ त हे समोरच हाय!" मग हेलिकॉप्टर आलं, मग खोली. गरम पाणी, जाड गादी, खिडकीत मंदिराचं शिखर. "आजी, अस्संच भेटन तुमाले," तो पोरगा म्हणाला. माणशी ३४ हजार, त्यातले १० हजार तिथंच. रांग लागली हो!

प्रत्यक्ष यात्रेत मुक्काम निघाला सीतापूरला, म्हणजे सोनप्रयागच्याही अलीकडे. एका खोलीत पाच बाया. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे, हे चष्म्यात कुठंच नव्हतं. हेलिकॉप्टरचं विचारलं की "हवा खराब आहे". तिकीट मुळात काढलंच नव्हतं. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा संकेतस्थळावर प्रवाशाच्या नावानं निघतं आणि त्याआधी उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणी लागते. ती नोंदणी फुकट असते. आमच्याकडून तिचेही माणशी ५०० घेतले होते. आईचे गुडघे गेलेले, म्हणून घोडा केला, तो पदरच्या पैशानं.

परतल्यावर पुतण्यानं तो व्हिडिओ मोबाइलवर फिरवून पाहिला. खोली संगणकावर बनवलेली होती. खऱ्या कॅमेऱ्यानं चौफेर घेतलेल्या चित्रणात खाली पाहिलं तर बहुतेकदा स्टँड दिसतो, नाहीतर तो झाकायला लावलेला लोगो. इथं नुसती गुळगुळीत फरशी! चादरीला एक चुणी नाही. आणि पावती? तिच्यावर ना हॉटेलचं नाव, ना हेलिकॉप्टर. फक्त "यात्रा सहल" आणि खाली बारीक अक्षरात "दृश्ये प्रातिनिधिक".

म्हणून सांगतो, चष्मा खुशाल लावा, पोरांनाही लावू द्या. पण पैसे काढायच्या आधी हॉटेलचं नाव, गाव आणि एका खोलीत किती जण हे पावतीवर लिहून मागा आणि त्या हॉटेलात स्वतः फोन लावा. "साहेब आले की लिहून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

तालुक्यातल्या त्यांच्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. यूपीआयनं पैसे दिलेल्यांची नोंद बँकेत सापडली. रोखीवाल्यांकडे तीच कोरी पावती आहे, आणि वकील म्हणतात, तीही जपून ठेवा.