वर्दीवाल्यांचा पाठिंबा आणि एफईसीचं संकेतस्थळ : काय दिसतं, काय निसटतं

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की ‘पोलीस अमक्याच्या पाठीशी’, ‘फायरफायटर तमक्याच्या पाठीशी’ अशा घोषणा सुरू होतात. त्यामागे नेमकी कोणती संघटना आहे, पैसा कुणाचा आहे आणि तो कशावर गेला, हे पाहायची मुख्य सरकारी जागा म्हणजे फेडरल इलेक्शन कमिशनचं, म्हणजे एफईसीचं संकेतस्थळ. वापर फुकट, खातं उघडायची गरज नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो : पैशाच्या बाबतीत इतकी उघड नोंदवही क्वचितच कुठे मिळेल. पण वर्दीवाल्यांच्या पाठिंब्याचं खरं बळ पैशात कमी आणि माणसांत जास्त असतं, आणि माणसं या नोंदवहीत बसत नाहीत. हे ध्यानात न घेता आकडे उचलले की निष्कर्ष हमखास चुकतो.

२००३ च्या सप्टेंबरमध्ये फायरफायटरांची मोठी संघटना आयएएफएफ हिने डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले जॉन केरी यांना पाठिंबा जाहीर केला. काळ्या-पिवळ्या रंगांतले तिचे सभासद, उमेदवारनिवडीची पहिली फेरी जिथे होणार होती त्या आयोवा राज्यात घरोघर फिरले आणि जानेवारी २००४ मध्ये केरींनी आयोवा जिंकलं. सुट्टीच्या दिवशी विनामोबदला दारं ठोठावणाऱ्या फायरफायटरचा वेळ कायद्याने ‘देणगी’ धरला जात नाही, त्यामुळे त्या फिरण्याची नोंद एफईसीकडे नाही आणि असणारही नाही. पुढच्या वेळी याच संघटनेने ख्रिस डॉड यांना उचलून धरलं. माणसं तीच, आयोवा तेच, पण डॉड आयोवाच्या निकालाच्या रात्रीच शर्यतीतून बाहेर पडले. या दोन मोहिमांतला फरक संकेतस्थळावरच्या कोणत्याही तक्त्यातून कळणार नाही.

आता वापराकडे वळू.

पहिली अडचण नावाची. आयएएफएफच्या राजकीय निधीला, म्हणजे सभासदांच्या पैशातून उमेदवारांना मदत करणाऱ्या तिच्या नोंदणीकृत कमिटीला (अशा कमिटीला ‘पॅक’ म्हणतात), सगळे ‘फायरपॅक’ म्हणतात, पण नोंदणी आहे ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायरफायटर्स इंटरेस्टेड इन रजिस्ट्रेशन अँड एज्युकेशन पॅक’ या लांबलचक नावाने. त्यातल्या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘फायर’ तयार होतं. म्हणून लघुनावावर थांबू नका. संघटनेच्या पूर्ण नावातला एखादा वेगळा शब्द टाकून कमिटी शोधा. शिवाय एकाच संघटनेचे दोन-तीन क्रमांक निघू शकतात. ‘सी००’ने सुरू होणारा क्रमांक नेहमीच्या पॅकचा. ‘सी७’ने सुरू होणारा, सभासदांशी केलेल्या प्रचाराचा खर्च कळवणाऱ्या संघटनेचा. ‘सी९’ने सुरू होणारा, पॅक न काढता स्वतंत्र प्रचारखर्च करणाऱ्याचा. फक्त पहिला पाहून ‘यांनी तर काहीच खर्च केला नाही’ असं लिहिणारे बरेच भेटतात.

दुसरी गोष्ट, थेट देणगीचा रकाना सगळ्यात ठळक दिसतो आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. सहा महिने जुना, पन्नासहून अधिक देणगीदार असलेला आणि किमान पाच उमेदवारांना पैसे दिलेला पॅक एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी फार तर ५,००० डॉलर देऊ शकतो. अध्यक्षपदासाठी सगळ्या राज्यांच्या प्राथमिक फेऱ्या मिळून एकच निवडणूक धरतात. म्हणजे प्राथमिक आणि अंतिम मिळून १०,००० डॉलर झाले की विषय संपला. अध्यक्षपदाच्या प्रचारात ही रक्कम किरकोळ आहे. सभासदांची नियमित वर्गणी या देणगीत वापरता येत नाही; पॅकमधले पैसे सभासदांनी स्वेच्छेने वेगळे दिलेले असावे लागतात. संघटनेच्या तिजोरीतून पॅक चालवण्याचा आणि निधी गोळा करण्याचा खर्च मात्र करता येतो, आणि तो पॅकच्या अहवालात दाखवावा लागत नाही. म्हणून काही पॅकांचा कारभार कागदावर चकित करण्याइतका काटकसरी दिसतो.

खरा माल दोन ठिकाणी आहे : ‘कम्युनिकेशन कॉस्ट्स’ आणि ‘इंडिपेन्डंट एक्स्पेंडिचर्स’.

‘कम्युनिकेशन कॉस्ट्स’ म्हणजे फॉर्म ७. ‘अमक्याला मत द्या’ असं स्वतःच्या सभासदांना थेट सांगण्यावर संघटनेने केलेला खर्च एका निवडणुकीसाठी २,००० डॉलरच्या वर गेला की हा फॉर्म भरावा लागतो. पत्रकं, फोन, टपाल सगळं त्यात धरतात, आणि हा पैसा वर्गणीच्या तिजोरीतून येऊ शकतो. पोलीस आणि फायरफायटर संघटनांचं बरंचसं काम याच वाटेने चालतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक मुळात त्यांचेच सभासद असतात. तक्त्यात संघटना, उमेदवार, बाजूने की विरोधात, तारीख आणि रक्कम एका ओळीत मिळते. एक पळवाट मात्र आहे. मजकूर मुख्यतः दुसऱ्या विषयावर असेल तर खर्च कळवावा लागत नाही. वेतनकरार आणि निवृत्तिवेतनाच्या लेखांनी भरलेल्या सभासद-मासिकात पाठिंब्याचं एखादं पान आलं तर ते इथे दिसणार नाही.

‘इंडिपेन्डंट एक्स्पेंडिचर्स’मध्ये बाहेरच्या मतदारांसाठी उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या जाहिराती येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर संघटनेच्या तिजोरीतला पैसाही इथे वापरता येतो. इथला नेहमीचा घोटाळा दुहेरी मोजणीचा. खर्च १०,००० डॉलरवर गेला की ४८ तासांत, आणि मतदानाला वीस दिवसांहून कमी उरले असताना १,००० डॉलरवर गेला की २४ तासांत सूचना द्यावी लागते. तोच खर्च नंतर नियमित अहवालातही येतो. गाळणीत दोन्ही प्रकार वेगळे निवडता येतात, ते निवडा. दोन्हींची बेरीज केली तर एकच जाहिरात दोनदा मोजली जाईल.

आता सगळ्यांचा आवडता, आणि आमच्या मते सगळ्यात फसवा भाग : ‘ऑक्युपेशन’ची गाळणी. वैयक्तिक देणग्यांमध्ये व्यवसाय टाकून ‘पोलिसांनी कुणाला किती दिले’ हे काढता येतं, असं वाटतं. पण व्यवसाय देणगीदार हाताने लिहितो. ‘फायरफायटर’ हा शब्द इंग्रजीत जोडूनही लिहितात आणि तोडूनही. शोध शब्दावर चालतो, त्यामुळे एका रूपाने दुसरं सापडत नाही. कुणी फक्त ‘कॅप्टन’ किंवा ‘लेफ्टनंट’ लिहितो, आणि त्यात सैन्यातले व विमान कंपन्यांतलेही मिसळतात. एम्प्लॉयरच्या जागी ‘सिटी ऑफ अमुक’ असेल तर तो ग्रंथपालही असू शकतो. निवृत्त पोलीस ‘रिटायर्ड’ लिहितात आणि गर्दीत हरवतात.

त्याहून मोठी गोम २०० डॉलरच्या मर्यादेत आहे. पॅकला वर्षभरात एकूण २०० डॉलरहून जास्त दिले तरच देणगीदाराचं नाव देणं बंधनकारक आहे. दर पंधरवड्याच्या पगारातून ५ डॉलर कापले गेले तर २६ पगारांचे १३० होतात, नाव येत नाही. ८ डॉलर असतील तर २०८ होतात आणि नाव येतं. उलट ॲक्टब्लू किंवा विनरेडसारख्या मध्यस्थ व्यासपीठावरून आलेली अगदी छोटी देणगीही नावानिशी दिसू शकते. म्हणजे ही गाळणी कुणी दिलं यापेक्षा कुठल्या मार्गाने दिलं हेच जास्त मोजते. या आकड्यांवरून ‘पोलिसांचा कल’ सांगणाऱ्या तक्त्यांवर फार विश्वास ठेवू नये.

उतरवून घ्यायची सोय चांगली आहे. एका वेळी ५,००,००० ओळींपर्यंत फाइल मिळते, त्याहून मोठं हवं असेल तर बल्क डेटा आहे. डेटा दोन-दोन वर्षांच्या कालखंडात विभागलेला आहे. अध्यक्षपदाचा पूर्ण हंगाम हवा असेल तर दोन्ही कालखंड निवडायला विसरू नका. ‘रॉ’ आणि ‘प्रोसेस्ड’ यातलं काय चालू आहे तेही पाहा. ताजी नोंद आधी ‘रॉ’मध्ये येते, पण त्यात तपासणी झालेली नसते. देणगीदारांची नावं-पत्ते निधी मागायला किंवा धंद्यासाठी वापरणं कायद्याने मना आहे.

बनावट ‘पोलीस मदत’ पॅक ओळखायला हे संकेतस्थळ फार उपयोगी पडतं. देणगी मागणारा फोन येतो, आवाज जरबेचा, पाठिंबा वर्दीला. कमिटी शोधा, तिचा नियमित हिशेबाचा अहवाल, फॉर्म ३एक्स, उघडा. ओळ २३ म्हणजे उमेदवारांना दिलेले पैसे, ओळ २४ स्वतंत्र प्रचारखर्च, ओळ ३१ एकूण खर्च. २३ आणि २४ ची बेरीज ३१ च्या तुलनेत नगण्य आणि ओळ २१, म्हणजे कमिटी चालवण्याचा खर्च, फुगलेली असेल, तर शेड्यूल बीमध्ये, म्हणजे खर्चाच्या तपशिलात, पैसे कुणाला गेले ते वाचा. फोन करणाऱ्या कंपन्यांचीच नावं ओळीने दिसली तर समजून घ्या. कमिटी सापडलीच नाही तर ती आयकर खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, फॉर्म ८८७२ भरणारी, करकायद्याच्या कलम ५२७ खालची राजकीय संस्था असू शकते. तो शोध वेगळ्या संकेतस्थळावर आहे आणि वापरायला बराच त्रासदायक आहे.

काय अजिबात मिळत नाही? पाठिंबा कसा ठरला, हे. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस या संघटनेने १९९६ मध्ये क्लिंटन यांना, २०१२ मध्ये कुणालाच नाही, आणि २०१६, २०२० व २०२४ मध्ये ट्रम्प यांना पाठिंबा दिला. आयएएफएफने २०२० साठी बायडेन यांना पाठिंबा एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केला, पण २०२४ मध्ये तिच्या कार्यकारी मंडळाने १.२ टक्क्यांच्या फरकाने कुणालाही पाठिंबा न देण्याचं ठरवलं. असा निर्णय पैशाच्या नोंदवहीत रिकामी जागा म्हणूनच उमटतो. आणि राष्ट्रीय संघटनेचा पाठिंबा स्थानिकांना बांधत नाही : २००४ मध्ये आयएएफएफ केरींसोबत असताना न्यूयॉर्क शहरातल्या फायरफायटरांची संघटना बुश यांच्यामागे गेली. वर्दी घालून सभेत उभं राहता येतं का, हा प्रश्नही इथला नाही. त्यासाठी त्या त्या खात्याचे, शहराचे आणि राज्याचे नियम पाहावे लागतात.

आयोगाच्या कामाबद्दल एक तक्रार राहतेच. सहा सदस्यांपैकी चार जणांच्या मताशिवाय कारवाई होत नाही. २०१९-२० मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये कोरमच (निर्णयाला लागणारी किमान सदस्यसंख्या) उरला नाही. अशा काळातही अहवाल येत राहतात, संकेतस्थळ चालू राहतं, पण उल्लंघनावर कारवाई थांबते.

तारखा लक्षात ठेवून पाहिलं तरच उपयोग आहे. अंतिम मतदानापूर्वीचा अहवाल बारा दिवस आधी येतो आणि त्यात विसाव्या दिवसापर्यंतचाच हिशेब असतो. त्यानंतरच्या जाहिराती २४ तासांच्या सूचनांत सापडतील. सभासदांवरचा शेवटच्या तीन आठवड्यांचा खर्च मात्र ३१ जानेवारीपर्यंतच्या फॉर्म ७ मध्ये येतो. नव्या अध्यक्षांचा शपथविधी असतो २० जानेवारीला.