हार्डकव्हर की पेपरबॅक? नाशिकच्या हवेत घरच्या कपाटासाठी काय घ्यावं

पुस्तक घेताना पुठ्ठ्याची प्रत घ्यावी की साधी, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पुठ्ठ्याची घ्या, ती टिकते. हे अर्धंच खरं आहे. पुस्तक टिकतं ते पाठीच्या जोरावर. आतले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेत की पानं नुसती गोंदाने चिकटवलीत, यावर त्याचं आयुष्य ठरतं. शिवलेलं पेपरबॅक चिकटवलेल्या हार्डकव्हरपेक्षा खूप जास्त वर्षं चालतं. हल्ली पुष्कळ हार्डकव्हरच्या आत पेपरबॅकसारखाच चिकटवलेला गठ्ठा असतो, वरून फक्त पुठ्ठा चढवलेला. अशा प्रतीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुकानात हे तपासायला मिनिटभर पुरतं. पुस्तक मिटून वरच्या कडेने पाठीकडे बघा. घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे ओळीने दिसले तर ते फर्मे. पानं एका रेषेत सपाट कापलेली दिसली तर घड्या कापून, पाठ घासून गोंद लावलाय. मात्र फर्मे दिसले म्हणजे शिलाई आहेच असं समजू नका. घडीला खाचा पाडून त्यात गोंद भरण्याचीही पद्धत आहे, आणि वरून ते पुस्तक हुबेहूब शिवलेल्यासारखं दिसतं. खात्री दोऱ्यानेच होते. फर्मा बहुधा १६ पानांचा असतो, त्याच्या बरोबर मधली घडी उघडायची. तिथे दोऱ्याचे टाके दिसले की पुस्तक डोळे झाकून घ्या, वरचं कव्हर जाड असो की पातळ.

जाता जाता कागदाची धार, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशाही बघून घ्या. पान अलगद आडवं आणि उभं वाकवून पाहिलं की एका दिशेने ते सहज वाकतं. ती सहज पडणारी घडी पाठीला समांतर हवी. उलटी असेल तर पावसाळ्यात पाठीजवळ पानांना लाटा येतात आणि पुस्तक नीट उघडून राहत नाही. याला घरी काही इलाज नाही.

आता नाशिकच्या हवेबद्दल. इथे वर्षाचे दोन टोकाचे काळ असतात. जुलै ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि मार्चपासून कोरडी, कडक हवा. दमटपणा सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि ती आधी कापडी बांधणीच्या हार्डकव्हरवर दिसते. कारण सरळ आहे. कापडाला खळ असते, पुठ्ठा ओल धरून ठेवतो, आणि खळ हे बुरशीचं आणि कसरीचं दोघांचंही खाद्य. लॅमिनेशन केलेलं पेपरबॅक इथे उजवं ठरतं. त्याचा दोष वेगळा: बाहेरून प्लास्टिक, आतून उघडा कागद. आतली बाजू ओल पिऊन फुगते, बाहेरची फुगत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या अंगाला वळतं. हवा कोरडी झाली की ते बरंचसं सरळ होतं. पुस्तकं कपाटात फार सैल ठेवली नाहीत तर वळतही कमी.

पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. सराफ बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात खालचा कप्पा रिकामाच ठेवावा. गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला लागल्यावर पुस्तकं हलवायला फार वेळ मिळत नाही. भिजलेलं पेपरबॅक पंख्याखाली उभं करून, पानं थोडी उघडून सुकवता येतं. हार्डकव्हरचा पुठ्ठा मात्र लवकर सुकत नाही, आणि दोन दिवसांत सुकलं नाही तर बुरशी ठरलेली. पानांमध्ये टिपकागद घालून तो दर काही तासांनी बदलत राहावा लागतो. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओली असतानाच सुटी केली नाहीत तर कायमची चिकटतात. प्लास्टिकची कव्हरं घालून ठेवण्याची सवयही पावसाळ्यापुरती सोडा, आत ओल कोंडते.

जागेचा हिशेब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचं ३०० पानी पुस्तक घ्या. पेपरबॅकमध्ये ते साधारण ३४० ग्रॅम भरतं आणि दीड सेंटिमीटरच्या आत बसतं. हार्डकव्हरमध्ये तेच ४५०-४७५ ग्रॅम आणि दोन सेंटिमीटर. ८० सेंटिमीटरच्या फळीवर पेपरबॅक ५५ च्या आसपास मावतात, हार्डकव्हर ४०. गंमत म्हणजे फळीवरचं वजन दोन्हीकडे १८-१९ किलोच. त्यामुळे १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी दोन्हीला चालते, पार्टिकल बोर्डची मात्र कालांतराने मधे झोल खाते. गंगापूर रोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जागेचा हा फरक मोठा आहे.

मग हार्डकव्हर कशासाठी? शब्दकोश, समग्र खंड, संदर्भग्रंथ, पुन्हा पुन्हा उघडावी लागणारी पुस्तकं. तीसुद्धा शिवलेलीच. जाडजूड ग्रंथ उभा ठेवला की आतला गठ्ठा पुठ्ठ्याच्या कडेपेक्षा तीनेक मिलिमीटर वर लोंबकळत राहतो आणि सगळा भार पाठीला चिकटवलेल्या जाळीदार कापडावर व अस्तराच्या कागदावर येतो. पुढचा सांधा फाटतो तो यामुळेच. पाच सेंटिमीटरहून जाड पुस्तक आडवं ठेवा. कादंबऱ्या आणि कथासंग्रहांना पेपरबॅक पुरेसं आहे. पातळ कवितासंग्रह मधे पिना मारलेला असेल तर त्या पिना दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात आणि कागद खातात. त्या हलक्या हाताने काढून त्याच भोकांतून सुती दोरा ओवून घ्या.

आवडतं पेपरबॅक सुटायला लागलं तर ते बांधून घेता येतं, पण बाइंडरला नेमकं सांगावं लागतं. नेहमीची पद्धत म्हणजे कडेने भोकं पाडून आरपार शिलाई. वाचनालयांना ती सोयीची, कारण झटपट होते आणि दणकट असते. घरच्या पुस्तकाला ती जाचते: आतला समास आठ-दहा मिलिमीटरने कमी होतो, आणि मराठी पेपरबॅकमध्ये मुळात समास कमीच, त्यामुळे ओळींची टोकं पाठीत जातात. फर्मे शाबूत असतील तर फर्मा शिलाईच मागा. पानं सुटी असतील तर पाठ दोन्ही बाजूंना झुकवून गोंद लावायला सांगा, म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेला थोडा गोंद बसतो. वरच्या-खालच्या कडा पुन्हा कापू नका, हे आधीच बजावा. मूळ मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवून मागा, नाहीतर बांधणीत ते बहुधा फेकलं जातं.

नवं पुस्तक, कोणत्याही बांधणीचं, पहिल्यांदा मधोमध उलटं दाबून उघडू नका. टेबलावर पाठ टेकवून पुढची दहा-पंधरा पानं, मग मागची दहा-पंधरा, असं आलटूनपालटून मध्यापर्यंत या. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात जुनं चिकटवलेलं पेपरबॅक उघडताना तर हे जास्तच सांभाळा. जुना गोंद थंडीत ताठरतो आणि पाठ एकाच जागी तडकते. तिथून पानं गळायला सुरुवात होते.