मिल्स अँड बून, रीजन्सी, जुनी मराठी की मोबाइलवरची मालिका? प्रेमकादंबरी निवडताना

विरंगुळ्यासाठी प्रेमकादंबरी घ्यायची तर बहुतेक जण मुखपृष्ठ बघतात आणि पाठीमागचा मजकूर वाचतात. त्यातून नायक डॉक्टर आहे की उद्योगपती एवढंच कळतं. त्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारलेले बरे: हाताशी वेळ किती आहे, आणि शेवट गोड व्हायलाच हवा का? एवढ्यावरच मराठी वाचकाला सहज मिळणारे चार प्रकार वेगळे होतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला २०० शब्द हा निवांत वाचनाचा वेग धरू. मिल्स अँड बूनच्या ‘मॉडर्न’ किंवा ‘मेडिकल’ मालिकेतलं पुस्तक साधारण ५०,००० शब्दांचं असतं, म्हणजे सव्वाचार तासांत संपतं. लोकलमध्ये रोज दोन तास बसायला मिळत असतील, तर तिसऱ्या दिवशी शेवटचं पान. रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये घडणारी कादंबरी, ९०,००० ते १ लाख शब्दांच्या आसपास जाते; तिला आठ तास लागतात. जुनी मराठी वाचनालयी कादंबरी बहुधा दीडशे ते अडीचशे पानांची, म्हणजे पुन्हा चार-पाच तासांची. मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या कथामालिकेचा हिशेब मात्र आधी मांडताच येत नाही.

मिल्स अँड बून ही लंडनची १९०८ सालची प्रकाशनसंस्था. १९७१ मध्ये ती कॅनडाच्या हार्लेक्विनकडे गेली. भारतात तिचं काम २००८ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही पुस्तकं फिरत्या वाचनालयांतून आणि रद्दीच्या दुकानांतून घरोघरी पोचली होती. इथे शेवटाची हमी पक्की: दोघं एकत्र येणारच. निवड करायची ती मालिकेची, लेखिकेची नंतर. ‘मॉडर्न’मध्ये गडगंज श्रीमंत नायक, परदेशी राजवाडे आणि उघड शृंगार असतो. ‘ट्रू लव्ह’ नावाने निघालेल्या पुस्तकांत भावनांवर भर असतो आणि शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर बंद होतं. ‘मेडिकल’मध्ये रुग्णालयाची धावपळ असते, तर ‘हिस्टॉरिकल’ इतरांपेक्षा जाड असतं.

यात फसगत होते ती जुन्या प्रतींत. रद्दीतून घेताना प्रकाशनवर्षाचं पान उघडून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक पुस्तकांत गोष्ट केवळ नायिकेच्या नजरेतून चालते. नायक दीडशे पानं घुम्यासारखा वागतो आणि शेवटच्या प्रकरणात एकदम मन मोकळं करतो. काहींना हेच आवडतं. पण त्या काळात नायकाची जबरदस्तीही प्रेम म्हणून खपवली जायची आणि आज ती वाचवत नाही. पुनर्मुद्रणाची तारीख नवी असली तरी पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आत कुठेतरी छापलेलं असतं, ते धरा. दुसरी अडचण अशी की एकाच मालिकेतली चार पुस्तकं सलग वाचली की पाचव्यात कोण कोणावर कधी रुसणार हे आधीच कळतं. मध्ये दुसरं काहीतरी वाचा.

रीजन्सी म्हणजे इंग्लंडमध्ये १८११ ते १८२० या काळात युवराज राजाच्या वतीने कारभार बघत होता तो काळ. जॉर्जेट हेयर या लेखिकेने विसाव्या शतकात हा प्रकार रुजवला. तिच्याकडे शृंगार जवळपास नाही. संवादातली चकमक, कपडे, घोडागाड्या आणि शिष्टाचार भरपूर. आजच्या रीजन्सी लेखिका पोशाख तोच ठेवतात, पण दार उघडं ठेवतात. सध्याच्या गोड, चित्रमय मुखपृष्ठांवर तर मुळीच जाऊ नका, कारण कार्टूनसारख्या चित्राआडही शृंगार सविस्तर असू शकतो. किशोरवयीन मुलीला भेट द्यायची असेल तर आधी स्वतः चाळा.

नव्या वाचकाचं पाऊल इथे अडतं ते नावांपाशी. एकच ड्यूक मित्रांच्या तोंडी सरदारकीच्या नावाने येतो, नोकरांच्या तोंडी ‘युअर ग्रेस’ म्हणून, आणि नायिकेच्या तोंडी पाळण्यातल्या नावाने. पन्नासाव्या पानावर हा तिसरा माणूस कोण, असा प्रश्न पडतो. उतरंड लक्षात ठेवा: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ‘युअर ग्रेस’ यांतल्या फक्त ड्यूकला म्हणतात, बाकीचे ‘माय लॉर्ड’. पुस्तकखुणेच्या कागदावर पहिल्या तीन प्रकरणांतली नावं टिपून ठेवली की पुढचं सोपं जातं.

‘ब्रिजर्टन’ ही रीजन्सी काळातली वेबमालिका बघून तिच्या मूळ पुस्तकांकडे वळणाऱ्यांसाठी एक इशारा. आठ भावंडं, आठ पुस्तकं. पण पडद्यावरचा तिसरा सीझन चौथ्या पुस्तकावर बेतलेला आहे. सीझनचा आकडा बघून पुस्तक मागवलंत तर भलतंच जोडपं हाती येईल. अशा भावंडांच्या मालिकांत प्रत्येक पुस्तकाची जोडी वेगळी असते, त्यामुळे मधलं पुस्तक आधी वाचलं तरी बिघडत नाही. मात्र एकाच जोडीची गोष्ट दोन-तीन खंडांत पसरलेली असेल तर पहिला खंड हमखास अर्ध्यावर तुटतो. तिथे पुढचे खंड आले आहेत का, हे पैसे देण्याआधी बघायचं.

मराठीत मनोरंजक प्रेमकादंबरीचं तंत्र ना. सी. फडके यांनी घोटून बसवलं. पहिल्या पानाची पकड, मधली गुंतागुंत, शेवटची उकल, सगळं मापात. नायक-नायिका सुशिक्षित, देखणे आणि बहुधा खाऊनपिऊन सुखी. पुढच्या पिढीत चंद्रकांत काकोडकर घरोघरी वाचले गेले. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचं ठरवलं. आजच्या ‘मॉडर्न’ मालिकेला सरावलेला वाचक या काळातल्या मराठी शृंगाराला सोज्वळच म्हणेल.

भाषेचा आनंद या चारही प्रकारांत इथे सर्वांत जास्त, हे आमचं स्पष्ट मत. पण शेवटाची हमी नाही. त्याग, आजारपण, वडिलांना दिलेला शब्द यांपैकी काहीही आडवं येऊ शकतं. हलकंफुलकं हवं असेल तर ग्रंथपालांना सरळ विचारा, ‘शेवट गोड आहे ना?’ त्यांना पाठ असतं. वाचनालयाची प्रत घरी नेण्याआधी पृष्ठक्रमांक तपासा. बहुतेकदा सोळा पानांचा एक फर्मा असतो आणि जुन्या बांधणीतून तो अख्खा निसटतो. म्हणजे १७६ नंतर एकदम १९३. शेवटचा फर्मा तर सर्वांत आधी सुटतो. फडक्यांचं निधन १९७८ चं, आपल्या कायद्यात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०३८ अखेरपर्यंत. फुकट फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफबद्दल काय समजायचं ते समजा.

प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवरच्या कथा आजच्या बोलीत असतात आणि आपल्या ओळखीच्या घरांत घडतात: सासर, बदलीची नोकरी, ठरवून झालेलं लग्न. सुरुवात फुकट असते, पुढचे भाग अनेकदा नाणी मोजून किंवा सदस्यत्व घेऊन उघडावे लागतात. हजार-हजार शब्दांचे शंभर भाग म्हणजे रीजन्सीएवढा ऐवज. त्यात प्रत्येक भाग उत्कंठेवर तुटतो आणि पुढचा मागचं सांगून सुरू होतो, त्यामुळे सलग वाचताना पाणी घातल्यासारखं वाटतं. पूर्ण झालेलीच कथा निवडा आणि सुरू करण्याआधी शेवटच्या भागाखालचे अभिप्राय वाचा. पहिल्या भागाखाली सगळे ‘मस्त’च लिहितात.

प्रवासात किंवा रुग्णालयात कोणाच्या सोबतीला बसून वाचायचं असेल तर मिल्स अँड बून घ्या. मध्येच उठावं लागलं तरी धागा सुटत नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी रीजन्सी. इंग्रजी जड जात असेल, तर आधी जुनी मराठी आणि मग अ‍ॅप. रोज झोपण्याआधी दहाच मिनिटं मिळत असतील तर मात्र हा क्रम उलटा करा: आधी अ‍ॅप, मग जुनी मराठी.

दुकानात असाल तर पहिलं पान वाचून निर्णय घेऊ नका. ते सगळ्यांनीच घासूनपुसून लिहिलेलं असतं. पुस्तकाचा साधारण पाऊण भाग मोजून तिथली चार-पाच पानं वाचा. बहुतेक प्रेमकादंबऱ्यांत दोघांची ताटातूट इथेच होते. दोघांनी पाच मिनिटं समोरासमोर बसून बोललं असतं तर मिटेल, एवढ्या गैरसमजावर ती उभी असेल, तर पुस्तक खाली ठेवा. दोघांचंही खरं असेल आणि तरी जमत नसेल, तर घ्या. किंडलवरच्या फुकट नमुन्यात पुस्तकाचा सुरुवातीचाच थोडा भाग मिळतो, त्यामुळे ही परीक्षा तिथे होत नाही. तिथे दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय उघडा. ताटातुटीवर चिडलेले वाचक तिचं कारण बहुतेक वेळा सविस्तर लिहून ठेवतात.