साडेपाचशेचा ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनी: काम झालं की पोर्टमधून काढा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये खोचला की गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती फोनवर दाखवणारा स्कॅनर. निळ्या पारदर्शक डबीतला, ब्लूटूथवाला, सगळीकडे मिळतो तोच. सकाळी गाडी का उठत नाही ते शोधायला हा घ्यायचा आणि पोर्टमध्ये विसरलात की गाडी न उठण्याचं कारण हाच होतो.

पोर्टची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते. चावी काढली तरी तिथे करंट राहतो आणि डबीतला लाल दिवा रात्रभर क्लचच्या वर लुकलुकत बसतो. किती खातो ते मोजलं. निगेटिव्ह केबल सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर, प्रोब दहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये, दारं लॉक, अर्धा तास थांबायचं, कारण ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि बाकी मंडळी लगेच झोपत नाहीत. स्कॅनरशिवाय २४ मिलिॲम्पिअर, स्कॅनरसकट ६८. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडतो.)

६८ म्हणजे दिवसाला १.६ ॲम्पिअर-तास. गणपतीला दहा दिवस गावी गेलात तर सोळा गेले, आणि बॅटरी मुळात ३५ ची. नवी असेल तर कशीबशी उचलेल, तीन वर्षांची नुसती टक-टक करेल. त्यात नेरूळ-सीवूड्सकडे गाडी घर ते स्टेशन दोन किलोमीटर चालते, पावसात लाईट, वायपर, एसी सगळं चालू. सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून येत नाही, वर हा भाडेकरू. साधं स्विचचं बटण द्यायला कंपनीला किती पडलं असतं?

पहिल्या महिन्यात दोनच तारे दिले होते, कारण गाडी पाच-सहा सेल्फ घेत होती आणि स्कॅनर म्हणत होता, एकही कोड (ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) नाही. ते मत बदललं. कोड बहुतेक तेव्हाच येतो जेव्हा ईसीयूला एखादा सिग्नल हद्दीबाहेर दिसतो. थकलेली बॅटरी, रात्रीत उतरणारं पेट्रोलचं प्रेशर, गंजलेलं अर्थिंग यांचा कोड बहुतेक वेळा येतच नाही. कामाचा असतो तो लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे.

सकाळी सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक चालतो. हवा २८ आणि कूलंट ७० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन गरम आहे असं समजून ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी नुसती घुरघुरते. उणे ४० दिसलं तर कनेक्टर निघालाय किंवा वायर तुटलीय. सेन्सर काढून मोजला तर साधारण २५ अंशांना दोन ते अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास भरतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करायला पैसे देण्याआधी हे बघा.

दुसरं, सेल्फ फिरत असताना आरपीएम. दोनशेच्या आसपास दिसायला हवा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं ईसीयूला कळवणारा). घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापून बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होणारी गाडी बहुतेक याचीच. त्याचा पी०३३५ कोड कधी येतो, कधी येत नाही. आधी कनेक्टर काढून बघा, तेल शिरलेलं असतं.

सेल्फ मारताच स्कॅनर फोनपासून तुटतो ही तक्रार बऱ्याच जणांची आहे. माझ्या मते तो दोष नाही, इशारा आहे: व्होल्टेज इतकं पडतंय की डबी रिस्टार्ट होते. पण आकडा मल्टिमीटरचाच धरा, स्कॅनर पाव व्होल्ट कमी दाखवतो. उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये.

बॅटरी ठीक असून सेल्फ जड फिरत असेल तर एक प्रोब निगेटिव्हच्या खांबावर (क्लँपवर नाही), दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर दोष अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी). बोल्ट सोडला की लगच्या (पट्टीच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवट-पांढरी भुकटी दिसते, खाडीची हवा आणि दोन पावसाळ्यांची कमाई. पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. खर्च जवळजवळ शून्य. याच लक्षणावर गॅरेजमध्ये अख्खा सेल्फ बदलला जातो.

पेट्रोलचं प्रेशर मात्र हा स्कॅनर बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत दाखवत नाही, कारण मोजणारा सेन्सरच नसतो. त्याला जुनी युक्ती: चावी ऑन, मागे पंपाचा दोन सेकंद गूं आवाज, ऑफ. असं तीनदा करून मग सेल्फ. लगेच उठली तर रात्रीत प्रेशर उतरतंय, म्हणजे पंपाचा वाल्व नाहीतर गळका इंजेक्टर. पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाणारी सीएनजी गाडी असेल तर पंपाला हात लावण्याआधी दहा लिटर ताजं पेट्रोल टाका, टाकीत चार महिन्यांचं शिळं पडलेलं असतं. उलट पेट्रोलचा वास येतोय आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच उठते, तर इंजिन फ्लड होतंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त जातंय. हे फक्त टाकी भरल्यावरच होत असेल तर पर्ज वाल्व (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघा.

आता साडेतीन तारे. अर्धा आयफोनला जोडला जात नाही म्हणून कापला, एक त्या न दिलेल्या स्विचसाठी. स्विचवाली एक्स्टेंशन केबल वेगळी मिळते, पण स्कॅनरच्या निम्म्याहून जास्त पैसे तिलाच द्यायचे तर कशाला. डबीला हातभर सुतळी बांधून दुसरं टोक चावीच्या रिंगला अडकवलंय. चावी खिशात घालताना डबी आपोआप बाहेर येते.