दिव्याऐवजी ‘टक’: दृष्टिहीन माणसाच्या ओट्यावर इलेक्ट्रिक ग्रिल, आठ महिन्यांनंतर

१००० वॅटचा साधा ग्रिल. वरखाली दोन नॉनस्टिक प्लेटा, पुढे तेल गळायचा ट्रे. तापमानाचं बटण नाही, टायमर नाही, चालू-बंदची कळही नाही. पिन लावून बोर्डाचं बटण दाबलं की तापायला लागतो. दृष्टिहीन माणसाने असाच घ्यावा. टच पॅनेलवाला महागडा ग्रिल बोटांना मुका असतो, आणि चाचपताना नको तिथे बोट टेकलं की सेटिंग बदलून बसतं.

फायदा एका वाक्यात सांगायचा तर उघडी आच नाही आणि उलटणं नाही. तव्यावर चकती उलटली की ती पडली कुठे हे शोधण्यातच बोटं भाजतात. इथे दोन्ही बाजू एकदम भाजल्या जातात.

अडचण दिव्यांची. लाल दिवा वीज आल्याचा, हिरवा तापल्याचा. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. पण आत थर्मोस्टॅट आहे, म्हणजे प्लेट पुरेशी तापली की वीज तोडणारी आणि गार झाली की पुन्हा जोडणारी कळ, आणि तो बारीक ‘टक’ करतो. ग्रिल रिकामा, झाकण बंद असेल तर पहिला टक साधारण पाच मिनिटांत येतो. तोच आपला हिरवा दिवा. खात्री हवी असेल तर ओल्या बोटांनी दुरून दोन थेंब झटकावेत. प्लेट गार असेल तर आवाज नाही, अर्धवट तापली असेल तर रेंगाळणारी चर्र, नीट तापली असेल तर एकदम छस्स आणि संपलं.

माहितीपुस्तिकेतल्या मिनिटांवर मात्र भिस्त ठेवू नये. संध्याकाळी, त्यातही शेतातले पंप चालू असताना, गावात व्होल्टेज उतरतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर १००० वॅटचा ग्रिल जेमतेम ६१० वॅटचा उरतो. म्हणजे ‘सहा मिनिटं’ लिहिलेला पदार्थ सहा मिनिटांनी कच्चाच. फोनचा बोलका टायमर लावावा, पण पहिल्या टकनंतर, आणि टायमर वाजला की पदार्थ काढायचा नाही, तपासायचा.

टकच्याही दोन खोडी. एक, मे महिन्यात कूलर चालू असला की तो ऐकूच येत नाही. ग्रिल तापेपर्यंत कूलर बंद ठेवावा (घाम येतो, इलाज नाही). दोन, वीज गेल्यावर प्लेट गार होतानाही थर्मोस्टॅट एकदा टक करतो. त्यामुळे टक आला म्हणजे वीज आहे असं नाही. पंख्याकडे कान ठेवावा. आणि इन्व्हर्टरवर ग्रिल लावायच्या फंदात पडू नये, घरगुती इन्व्हर्टरला एवढा भार बहुधा झेपत नाही.

जागा एकदा ठरवली की हलवायची नाही. ग्रिल काठ असलेल्या मोठ्या स्टीलच्या ताटात ठेवला की ताटाचा काठ लागला म्हणजे पुढे गरम आहे, एवढं हाताला कळतं. वायर मागून, भिंतीच्या बाजूने. गळतीचा ट्रे ग्रिल गार असतानाच बसवून बोटाने तपासावा. तो विसरला तर तेल थेट ओट्यावर येतं.

चटका खालच्या प्लेटचा क्वचित लागतो. लागतो तो वरच्या प्लेटचा, बोटांच्या मागच्या पेरांना आणि मनगटाला, कारण आपलं सगळं लक्ष खाली असतं. म्हणून मनगट झाकणारे सिलिकॉनचे हातमोजे, दोन्ही हातांत. पदार्थ हाताने मांडू नये. लाकडी उलथन्यावरून सरकवावा. लोखंडी उलथनं नॉनस्टिक खरवडतं.

आता भरीत, कारण खान्देशात ग्रिल घेतल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. जळगावकडचं हिरवट, पांढऱ्या रेघांचं भरताचं वांगं अख्खं यात मावत नाही, झाकण उघडंच राहतं. साडेतीनशे-चारशे ग्रॅमचं घ्यावं, देठ काढून उभे दोन भाग करावेत, दोन्हीकडून तेलाचा हात फिरवावा. अर्धं केल्यामुळे वाफ कोंडून फुटायची भीती राहत नाही. पूर्ण व्होल्टेज असेल तर १६ ते १८ मिनिटं. टूथपिक जाड भागात लोण्यासारखी गेली पाहिजे. मध्ये कण अडला तर आणखी तीन मिनिटं. मग दहा मिनिटं झाकून ठेवलं की साल बोटांनी सलग निघते. या वांग्यात बिया कमी, त्यामुळे हाताला लागणारा प्रत्येक कडक तुकडा सालीचाच समजावा.

हिरव्या मिरच्या त्याच प्लेटवर चार मिनिटं, पण आधी टोचून; न टोचलेली मिरची फुटते आणि झाकण उघडताना तोंडावर उडते. मग लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, नेहमीसारखं. काटक्यांच्या जाळावरच्या भरताचा धूर यात येत नाही. कोळशाची धुंगार देता येते, पण जळत्या निखाऱ्यावर न पाहता तेल सोडण्यापेक्षा धुराविना भरीत बरं.

भाकरी यात होत नाही, फुगायला जागाच नाही; दादर ज्वारीची असो वा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची), तवा तो तवाच. शिळी भाकरी मात्र तीन मिनिटांत छान कुरकुरीत होते. दीड सेंटीमीटर जाडीचं पनीर पाच मिनिटांत. चिकन बोनलेस, तेही सारख्या जाडीचं, आणि बोलणारं थर्मामीटर असेल तरच: आत ७४ अंश सेल्सियस झाल्याशिवाय काढू नये. वासावर चिकनचा भरवसा नाही.

साफसफाईत आपण डोळसांच्या पुढे आहोत. पिन काढून अर्ध्या तासाने, प्लेटा कोमट असताना, ओल्या फडक्याने खाचांच्या दिशेने पुसावं आणि बोट फिरवावं. चिकटलेला कण बोटाला लगेच सापडतो. ग्रिल नळाखाली धरायचा नाही.

पिन काढल्यावर तिलाही हात लावून पाहावा. कोमट ठीक. चटका बसण्याइतकी गरम असेल तर बहुधा सॉकेट ढिलं आहे. सॉकेट बदलेपर्यंत त्यावर ग्रिल लावू नये.