कूलरच्या घरात डायनॅमिक माइक: दिवाळी ते उन्हाळा वापरून

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काल फोनवर पुन्हा तेच ऐकवलं: "सॉकेट ढिला होणं म्हणजे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." दिवाळीत घेतलेल्या माझ्या माइकचा यूएसबी सॉकेट ढिला झालाय. माइक पडला नाही, आपटला नाही. केबल रोज लावली आणि काढली, एवढंच. ज्या जागेचं कामच ते आहे, तीच वॉरंटीत नसेल तर वॉरंटी नेमकी कशाची?

घर लातूरला, वर पत्रे. भाचीला दिसत नाही, म्हणून तिच्या अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतो. ती तासन् तास हेडफोन लावून ऐकते, त्यामुळे मागची बारीक घरघरसुद्धा तिला त्रास देते.

आधी मित्राचा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, वापरला होता. आवाज छान, पण कूलर, शेजारची बोअरची मोटर, गल्लीतला टँकर, सगळंच त्यात यायचं. मग दिवाळीत यूएसबी आणि एक्सएलआर (तीन पिनांची ऑडिओ जोडणी) दोन्ही असलेला डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील माइक, घेतला. डायनॅमिक बाहेरचा आवाज घेतच नाही, असं दुकानदार सांगतात. तसं काही नसतं. खरा फायदा जवळून बोलण्याचा. अंतर निम्मं केलं की आपला आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, कूलरचा आहे तेवढाच राहतो. तोंडापासून चार बोटं, आणि माइक जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून कूलर माइकच्या पाठीशी ठेवा. गोधडी मात्र आपल्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड त्या भिंतीकडे असतं.

पहिले काही आठवडे खालून एक गुणगुण यायची आणि माझं मत वाईटच झालं होतं. ती लॅपटॉपच्या चार्जरची निघाली. घराला अर्थिंग धड नाही. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की साफ. तेव्हापासून या माइकच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार सॉकेटची. संक्रांतीनंतर केबल हलू लागली. आधी खरखर, मग मधेच माइक गायब, आणि अख्खं प्रकरण वाचून झाल्यावर कळायचं की अर्धंच रेकॉर्ड झालंय. आतला सॉकेट नुसत्या सोल्डरिंगच्या डागावर सर्किटला चिकटवलाय, बॉडीचा आधार नाही. पत्र्याची एक चिमूटभर पट्टी लावली असती तर बनवणाऱ्याचं काय गेलं असतं? दुरुस्तीला पुण्याला पाठवा म्हणतात, जाण्यायेण्याचा खर्च आपला. पाच हजाराच्या वस्तूवर तेवढे पैसे घालायला मी तयार नाही.

सुटका एक्सएलआरने केली. जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे एक्सएलआर माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, स्वस्तात मिळाला. डायनॅमिकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेस केबलमधूनच माइकला देतो ती वीज) लागत नाही, गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणं, मात्र भरपूर लागतो, म्हणून इंटरफेस घेताना गेन शेवटपर्यंत वाढवून सळसळ येते का ते ऐका. माझा चांगला निघाला आणि आवाज यूएसबीपेक्षा भरीव येतोय. फाइल मोनोच ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला मिनिटाला साधारण ५ एमबी होतात, स्टिरिओत उगाच दुप्पट.

नुसता यूएसबीवाला माइक असता तर आज कपाटात पडून असता. त्यामुळे घ्यायचाच तर दोन्ही जोडण्या असलेला घ्या, दुकानातच केबल लावून हलवून बघा, आणि सॉकेट वॉरंटीत येतो का ते बिलावर लिहून मागा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.